केळे : आहारमूल्य, आरोग्यलाभ आणि मर्यादा

सारांश : केळे हे भारतात वर्षभर मिळणारे, सर्व आर्थिक स्तरांत खाल्ले जाणारे फळ आहे. त्याच्या आरोग्यलाभांविषयी विपुल लिहिले जाते. मात्र त्यात प्रस्थापित तथ्ये व अतिशयोक्ती यांची सरमिसळ आढळते. प्रस्तुत लेखात केळ्याचे पोषणमूल्य, रक्तदाब व पचनसंस्था यांवरील परिणाम, प्रचलित समजुती आणि बालकांच्या पूरक आहारातील त्याचे स्थान यांचा विचार केला आहे. केळ्याचा लाभ ते कोणत्या अवस्थेत, कशाच्या जोडीने आणि कशाऐवजी खाल्ले जाते यावर अवलंबून असतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : केळे, पोटॅशियम, प्रतिरोधी पिष्ट, प्रथिने, पूरक पोषण आहार.

प्रस्तावना :

भारत हा केळीचे सर्वाधिक उत्पादन घेणारा देश आहे. जगातील एकूण उत्पादनाचा सुमारे चौथा हिस्सा भारतात पिकतो आणि त्यातील बहुतांश केळी देशातच खाल्ली जातात. महाराष्ट्रात जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल व चोपडा हे तालुके केळीचे आगर मानले जातात. जळगावच्या केळीस भौगोलिक मानांकनही लाभले आहे. वसईची राजेळी व तिच्यापासून केलेली सुकेळी, मराठवाड्यातील अर्धापुरी, कोकणातील वेलची आणि गोव्यातील मोयरेची केळी अशी या फळाची विविधता आपल्या परिसरात दिसून येते. पूजेच्या ताटापासून प्रवासाच्या शिदोरीपर्यंत आणि आजाऱ्याच्या पथ्यापासून लहान बाळाच्या पहिल्या घासापर्यंत केळ्याचा वावर आहे.

आयुर्वेदाने केळ्याचे वर्णन मधुर, शीत, स्निग्ध व गुरू असे केले आहे. ‘गुरू’ म्हणजे पचावयास जड. म्हणजे परंपरेनेही केळ्याचे गुण सांगताना ते कोणाला व किती मानवेल याचे भान ठेवले होते. आजच्या लोकप्रिय लेखनात हे भान क्वचितच आढळते. रक्तक्षय, नैराश्य, अशक्तपणा, हाडांची झीज अशा जवळजवळ प्रत्येक विकारावर केळे हा उपाय म्हणून सांगितला जातो. अशा विधानांची छाननी करणे हे अध्यापकांचे कर्तव्य ठरते, कारण विद्यार्थी आणि पालक आहाराविषयी प्रथम त्यांनाच विचारतात.

केळ्याचे पोषणमूल्य :

सोललेल्या, पिकलेल्या १०० ग्रॅम केळ्यातून (साधारणपणे एक मध्यम आकाराचे फळ) मिळणारे प्रमुख घटक पुढीलप्रमाणे आहेत. जात, जमीन व पक्वता यांनुसार या आकड्यांत थोडाफार फरक पडतो.

१) ऊर्जा : सुमारे ८९ किलोकॅलरी
२) पाणी : सुमारे ७५ ग्रॅम
३) कर्बोदके : सुमारे २३ ग्रॅम (त्यांपैकी शर्करा सुमारे १२ ग्रॅम)
४) तंतुमय पदार्थ : सुमारे २.६ ग्रॅम
५) प्रथिने : सुमारे १.१ ग्रॅम
६) स्निग्ध पदार्थ : सुमारे ०.३ ग्रॅम
७) पोटॅशियम : सुमारे ३५८ मिलिग्रॅम
८) मॅग्नेशियम : सुमारे २७ मिलिग्रॅम
९) जीवनसत्त्व ब-६ : सुमारे ०.३७ मिलिग्रॅम
१०) जीवनसत्त्व क : सुमारे ९ मिलिग्रॅम
११) कॅल्शियम : सुमारे ५ मिलिग्रॅम
१२) लोह : सुमारे ०.२६ मिलिग्रॅम
१३) सोडियम : सुमारे १ मिलिग्रॅम

या कोष्टकावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, केळे हे मुख्यतः कर्बोदकांचे म्हणजे ऊर्जेचे फळ आहे. दुसरी, पोटॅशियम व जीवनसत्त्व ब-६ यांच्या बाबतीत ते खरोखर उपयुक्त आहे. एका केळ्यातून प्रौढ व्यक्तीच्या ब-६ च्या दैनंदिन गरजेचा सुमारे पाचवा हिस्सा भागतो. हे जीवनसत्त्व प्रथिनांच्या चयापचयासाठी व रक्तातील हिमोग्लोबिन तयार होण्यासाठी आवश्यक असते. तिसरी, प्रथिने, लोह व कॅल्शियम या तीन घटकांत केळे अत्यंत तोकडे पडते. भारतीय बालके व स्त्रिया यांच्या आहारात ज्या घटकांची उणीव प्रामुख्याने आढळते, त्यांत नेमके हेच घटक येतात. पुढील विवेचनात या मुद्द्याकडे पुन्हा वळावे लागेल.

पोटॅशियम आणि रक्तदाब :

केळ्याच्या आरोग्यलाभांपैकी सर्वांत भक्कम आधार असलेला लाभ रक्तदाबाशी निगडित आहे. आहारातून पुरेसे पोटॅशियम मिळाल्यास मूत्रपिंडे अधिक सोडियम बाहेर टाकतात आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींवरील ताण कमी होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये प्रौढांनी दररोज किमान ३५१० मिलिग्रॅम पोटॅशियम घ्यावे आणि मिठाचे प्रमाण ५ ग्रॅमपेक्षा कमी ठेवावे, अशी शिफारस केली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक पुनरावलोकनात पोटॅशियमचे सेवन अधिक असलेल्या व्यक्तींमध्ये पक्षाघाताचा धोका सुमारे २४ टक्क्यांनी कमी आढळला.

अमेरिकेत झालेला व १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘डॅश’ हा आहारप्रयोग या संदर्भात महत्त्वाचा आहे. त्यात ४५९ प्रौढांचा समावेश होता. ज्या गटाच्या आहारात केवळ फळे व भाज्या वाढविल्या, त्या गटाचा वरचा रक्तदाब नेहमीचा आहार घेणाऱ्यांच्या तुलनेत सरासरी २.८ मिलिमीटरने घटला. ज्या गटास फळे व भाज्यांसोबत कमी स्निग्धांशाचे दुग्धजन्य पदार्थ देऊन एकूण स्निग्ध पदार्थही घटविले, त्या गटात ही घट ५.५ मिलिमीटर होती. येथे परिणाम संपूर्ण आहाराचा होता, कोणत्याही एका फळाचा नव्हता, ही बाब ध्यानात ठेवावयास हवी.

एका केळ्यातून शिफारस केलेल्या पोटॅशियमचा साधारण दहावा हिस्सा मिळतो. बटाटा, पालक व डाळी यांतूनही पोटॅशियम चांगल्या प्रमाणात मिळते. मग केळ्याचे वैशिष्ट्य काय? भाजी शिजविताना पाणी ओतून दिल्यास पोटॅशियमचा काही भाग त्या पाण्यातून निघून जातो आणि शिवाय भाजीत मीठ घातले जाते. केळे मात्र न शिजविता, बिनमिठाचे खाल्ले जाते. त्यात पोटॅशियम ३५८ मिलिग्रॅम, तर सोडियम केवळ १ मिलिग्रॅम असते. सायंकाळच्या खाऱ्या शेव-फरसाणाऐवजी केळे खाल्ले, तर पोटॅशियम वाढते आणि सोडियम घटते, असा दुहेरी लाभ होतो. याउलट केळ्याचेच तळलेले खारे वेफर्स खाल्ल्यास मीठ व तेल यांची भर पडून हा लाभ मोठ्या प्रमाणात निष्फळ होतो.

पक्वता आणि पचनसंस्था :

केळे झाडावरून काढल्यानंतरही पिकत राहते. फळातून इथिलीन वायू उत्सर्जित होऊ लागतो, श्वसनाचा वेग वाढतो आणि विकरांच्या क्रियेने पिष्टाचे शर्करेत रूपांतर होते. कच्च्या केळ्याच्या गरातील शुष्क भागाचा सुमारे ७० ते ८० टक्के हिस्सा पिष्टाचा असतो. पूर्ण पिकलेल्या केळ्यात तो अगदी अल्प उरतो. त्यामुळे हिरवे, पिवळे व ठिपके पडलेले केळे ही एकाच फळाची तीन रूपे पोषणाच्या दृष्टीने भिन्न आहेत.

कच्च्या केळ्यातील पिष्टाचा बराचसा भाग लहान आतड्यात पचत नाही. त्यास प्रतिरोधी पिष्ट म्हणतात. तो मोठ्या आतड्यात पोहोचल्यावर तेथील उपकारक जिवाणू त्याचे किण्वन करतात आणि ब्युटिरेटसारखी लघुशृंखला स्निग्धाम्ले निर्माण होतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरपेशींना ऊर्जा पुरविण्याचे व पाणी आणि क्षार शोषून घेण्यास साहाय्य करण्याचे कार्य ही आम्ले करतात.

बांगलादेशातील ढाका येथे झालेल्या व २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याचे प्रत्यंतर येते. दीर्घकाळ अतिसाराने पीडित असलेल्या ५ ते १२ महिने वयाच्या ६२ बालकांची तीन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटास तांदळाच्या पेजेत शिजविलेले कच्चे केळे, दुसऱ्यास पेक्टिन व तिसऱ्यास केवळ पेज देण्यात आली. तिसऱ्या दिवशी पहिल्या दोन गटांतील निम्म्याहून अधिक बालके बरी झाली होती. केवळ पेज घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे १५ टक्के होते. पोट बिघडल्यावर केळे देण्याच्या आपल्याकडील प्रथेस यातून काही आधार मिळतो. परंतु हा आधार शिजविलेल्या कच्च्या केळ्याचा आहे, पिकलेल्या केळ्याचा नाही. तसेच जलसंजीवनी व वैद्यकीय उपचार यांना तो पर्याय ठरत नाही. येथे आणखी एक बाब नोंदवावी लागेल. शिजविल्यावर कच्च्या केळ्यातील प्रतिरोधी पिष्टाचे प्रमाण बरेच घटते. म्हणून कच्च्या केळ्याची भाजी आणि न शिजविलेल्या केळ्याची पूड यांचे गुण एकसारखे मानता येत नाहीत.

प्रतिरोधी पिष्टाविषयी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास वृत्तपत्रांतून गाजला. ‘लिंच सिंड्रोम’ या आनुवंशिक अवस्थेमुळे कर्करोगाचा धोका अधिक असलेल्या ९०० हून अधिक व्यक्तींच्या या अभ्यासात, काही काळ दररोज ३० ग्रॅम प्रतिरोधी पिष्ट घेणाऱ्यांत मोठ्या आतड्याखेरीज अन्य अवयवांच्या कर्करोगाचे प्रमाण निम्म्याहून कमी आढळले. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर मात्र परिणाम दिसला नाही. ‘रोज एक हिरवट केळे खा, कर्करोग टाळा’ अशा आशयाच्या बातम्या यावरून प्रसिद्ध झाल्या. वास्तविक सहभागी व्यक्तींना केळी नव्हे, तर पिष्टाची पूड देण्यात आली होती आणि त्या सर्व विशिष्ट आनुवंशिक धोक्याच्या होत्या. मूळ संशोधन मोलाचे आहे. त्यावरून सर्वसामान्यांसाठी काढलेला निष्कर्ष मात्र घाईचा आहे.

मधुमेही व्यक्तींसाठीही पक्वतेचा विचार महत्त्वाचा ठरतो. पिकलेल्या केळ्याचा ग्लायसेमिक निर्देशांक साधारण ५० च्या आसपास आहे. कमी पिकलेल्या केळ्याचा त्याहून कमी असतो. म्हणजे केळे मधुमेहात सर्वस्वी वर्ज्य नाही. तथापि एका मध्यम केळ्यात सुमारे २३ ग्रॅम कर्बोदके असल्याने ते जेवणानंतर वाढीव म्हणून न खाता, आहारातील अन्य कर्बोदकांचे प्रमाण तितके घटवून, वैद्यांच्या सल्ल्याने खाणे इष्ट होय.

श्रम, व्यायाम व ऊर्जा :

खेळाडू व कष्टकरी यांच्यासाठी केळे सोयीचे आहे. साल हेच त्याचे वेष्टन असल्याने ते धुण्याची, कापण्याची वा शिजविण्याची आवश्यकता नसते. अमेरिकेत १४ प्रशिक्षित सायकलपटूंवर झालेल्या व २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७५ किलोमीटरच्या शर्यतीदरम्यान केळे खाणाऱ्यांची कामगिरी शर्करायुक्त क्रीडापेय घेणाऱ्यांइतकीच आढळली. या अभ्यासास फळव्यापारातील एका कंपनीचे अर्थसाह्य होते व सहभागींची संख्याही अल्प होती, हे लक्षात घेऊनही, महागड्या पेयाऐवजी केळे आणि पाणी हा पर्याय महाविद्यालयीन खेळाडूंसाठी विचारात घेण्याजोगा आहे.

इतिहासातील एक धडा :

केळ्याच्या औषधी गुणांविषयी बोलताना वैद्यकाच्या इतिहासातील एक प्रकरण विसरून चालणार नाही. १९२४ मध्ये न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ सिडनी हास यांनी सेलियाक या विकाराने खंगलेल्या बालकांवर केळ्यांच्या आहाराने केलेल्या उपचारांची माहिती प्रसिद्ध केली. त्या काळी हा विकार अनेकदा प्राणघातक ठरत असे. हास यांच्या दहा रुग्णांपैकी केळ्यांचा आहार घेतलेली आठ बालके सुधारली, तर तो न घेतलेली दोन दगावली. केळ्यात काही विशेष रोगनिवारक द्रव्य असावे, असा समज त्यातून रूढ झाला आणि पुढील अनेक वर्षे हा उपचार प्रचलित राहिला.

खरे कारण पुढे नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांच्या संशोधनातून पुढे आले. १९५० च्या आपल्या प्रबंधात त्यांनी हा विकार गव्हासारख्या धान्यांमुळे बळावतो हे दाखवून दिले. दोषी घटक ग्लुटेन हे गव्हातील प्रथिन असल्याचे त्यानंतर निश्चित झाले. हास यांच्या आहारात पाव व धान्ये वर्ज्य होती. बालके वाचली ती गहू वगळल्यामुळे. केळ्याने त्या काळात त्यांना ऊर्जा पुरविली, एवढेच. मात्र श्रेय केळ्यास दिले गेल्याने, बरे वाटू लागल्यावर पुन्हा पाव खाण्यास हरकत नाही, असा घातक समज निर्माण झाला व अनेकांचा विकार उलटला. अन्नाचा परिणाम मोजताना काय खाल्ले याइतकेच, त्याच्याऐवजी काय खाल्ले गेले नाही हेही विचारावे लागते, हा या प्रकरणाचा धडा आहे.

काही प्रचलित समजुती :

१) केळ्याने रक्त वाढते : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. प्रौढ स्त्रीची लोहाची दैनंदिन गरज भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये २९ मिलिग्रॅम निश्चित केली आहे. दहा केळी खाल्ली तरी त्यांतून या गरजेचा दहावा हिस्साही भरून निघत नाही. रक्तक्षय झालेल्या मुलीस केळी खाण्याचा सल्ला देऊन थांबणे म्हणजे तिच्या उपचारास विलंब करणे होय.

२) केळ्याने मन प्रसन्न होते : केळ्यात सेरोटोनिन आढळते हे खरे, परंतु आहारातून आलेले सेरोटोनिन रक्त व मेंदू यांमधील अटकाव ओलांडून मेंदूत प्रवेश करू शकत नाही. नैराश्यावरील उपाय म्हणून केळ्याची शिफारस करण्यास या कारणाने आधार उरत नाही.

३) दूध व केळे एकत्र खाऊ नये : आयुर्वेदात या संयोगाची गणना विरुद्ध आहारात केली जाते, तरीही महाराष्ट्रातील घराघरांत शिकरण आवडीने खाल्ले जाते. आधुनिक पोषणशास्त्राच्या दृष्टीने निरोगी व्यक्तीस यापासून अपाय होतो असे म्हणण्यास पुरेसा पुरावा नाही. उलट केळ्यात नसलेली प्रथिने व कॅल्शियम दुधातून मिळतात. ज्यांना दूध पचत नाही त्यांनी ते टाळणे योग्य.

बालकांचा पूरक आहार : केळे व अंडे

केळ्याच्या गुणांची चर्चा केवळ वैयक्तिक आवडीनिवडीपुरती मर्यादित नाही. तिचा सार्वजनिक धोरणाशी थेट संबंध आहे. महाराष्ट्रात आदिवासी भागांतील डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत अंडी न खाणाऱ्या बालकांसाठी केळ्यांची तरतूद करण्यात आली. शालेय पोषण आहारातही नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडे व अंडे न खाणाऱ्या विद्यार्थ्यांस केळे वा स्थानिक फळ देण्याचा निर्णय झाला. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांसाठीचा हा स्वतंत्र निधी बंद करण्यात आला.

या तरतुदींमध्ये केळे हे अंड्याच्या जागी योजलेले दिसते. पोषणाच्या दृष्टीने ही तुलना तपासून पाहणे आवश्यक आहे. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने, तसेच जीवनसत्त्व अ व ब-१२ मिळते. दोन केळ्यांतून सुमारे २ ग्रॅम प्रथिने मिळतात आणि ब-१२ मुळीच मिळत नाही. ऊर्जेच्या बाबतीत दोन केळी अंड्यापेक्षा सरस आहेत. परंतु वाढीच्या वयात उंची खुंटलेल्या बालकास ऊर्जेबरोबर प्रथिनांची नितांत आवश्यकता असते. उपर्युक्त सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी आढळली होती. तेव्हा केळे हे अंडे न खाणाऱ्या बालकास दिलेले चांगले फळ आहे, अंड्याचा पोषणतुल्य पर्याय नव्हे.

शाकाहारी बालकांची श्रद्धा व कुटुंबाची परंपरा यांचा आदर राखूनही ही उणीव भरून काढता येते. केळ्यासोबत एक पेला दूध दिल्यास सुमारे ६ ग्रॅम प्रथिने व काही प्रमाणात ब-१२ मिळते. मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून सुमारे ७ ग्रॅम प्रथिने मिळतात. अगदी लहान बालकांना शेंगदाणे घशात अडकण्याचा धोका असल्याने ते कुटून द्यावेत. केळे, शेंगदाण्याचा लाडू व दूध ही जोडी आपल्या खाद्यसंस्कृतीत बसणारी आहे. केवळ केळे देऊन ‘अंड्याऐवजी दिले’ अशी नोंद करणे मात्र कागदावरची समानता ठरते. उपस्थितिपत्रकात दोन्ही मुलांपुढे सारखी खूण होते. त्यांच्या ताटातील प्रथिने सारखी नसतात.

कोणी काळजी घ्यावी :

मूत्रपिंडांचे कार्य मंदावलेल्या रुग्णांमध्ये पोटॅशियम शरीराबाहेर टाकले जात नाही आणि रक्तातील त्याचे प्रमाण वाढून हृदयाच्या स्पंदनांत बिघाड होऊ शकतो. रक्तदाबावरील काही औषधेही पोटॅशियम वाढवितात. अशा रुग्णांनी केळी खाण्यापूर्वी वैद्यांचा सल्ला घेणे अनिवार्य आहे. रबराच्या चिकाची म्हणजे लॅटेक्सची ॲलर्जी असणाऱ्या काही व्यक्तींना केळ्याचीही ॲलर्जी आढळते.

केळी पिकविण्याची पद्धत हाही आरोग्याचा विषय आहे. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकविण्यास भारतात कायद्याने बंदी आहे, कारण त्यात आर्सेनिक व फॉस्फरस यांचे अंश असू शकतात. नियंत्रित प्रमाणात इथिलीन वायूचा वापर करून पिकविण्यास मात्र अनुमती आहे. फळ स्वतः जो वायू निर्माण करते तोच येथे बाहेरून दिला जातो.

निष्कर्ष :

१) केळे हे ऊर्जा, पोटॅशियम व जीवनसत्त्व ब-६ यांचा स्वस्त, सुलभ स्रोत आहे. खाऱ्या व तळलेल्या पदार्थांऐवजी ते खाल्ल्यास रक्तदाबाच्या दृष्टीने हितकारक ठरते.

२) कच्चे व पिकलेले केळे यांचे गुणधर्म भिन्न असल्याने एका अवस्थेविषयीचे संशोधन दुसऱ्या अवस्थेस लागू करता येत नाही.

३) रक्तक्षय, नैराश्य वा कर्करोग यांवरील उपाय म्हणून केळ्याकडे पाहण्यास पुरेसा आधार नाही.

४) बालकांच्या पूरक आहारात केळ्यास स्थान असावे, परंतु अंड्याचा पर्याय म्हणून देताना त्याच्या जोडीस दूध, शेंगदाणे वा डाळीचा पदार्थ अवश्य असावा.

५) अध्यापकांनी आहारविषयक कोणतेही विधान ऐकताना तीन प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्यांस लावावी : कोणत्या अवस्थेत, कशाच्या जोडीने आणि कशाऐवजी? केळ्यासारख्या परिचित फळावर हे प्रश्न अजमावून पाहिल्यास रसायनशास्त्र, जीवशास्त्र, गृहविज्ञान व समाजशास्त्र या सर्व विषयांच्या वर्गांत त्यांचा उपयोग होईल.